तीस मैलांचा वाद

लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांमधले अंतर उणेपुरे तीस-बत्तीस मैलांचे; परंतु एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात माणसाने एकापाठोपाठ एक जितके मार्ग खोदले, बांधले आणि अंथरले, तितके जगाच्या पाठीवर इतर कोणत्याही दोन नगरांमध्ये क्वचितच सापडतील. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मर्सी आणि अर्वेल या नद्यांची पात्रे नौकानयनास योग्य करून घेण्यात आली. 1776 च्या सुमारास ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरचा कालवा रनकॉर्नपाशी मर्सीला मिळाला. 1830 साली आगगाडी आली. 1873 साली वॉरिंग्टनवरून जाणारा दुसरा लोहमार्ग झाला. 1894 साली समुद्रगामी जहाजे थेट मँचेस्टरच्या धक्क्याला आणणारा 36 मैलांचा कालवा खुला झाला. 1934 साली ईस्ट लँकेशायर रोड आणि 1970 नंतरच्या दशकात एम 62 हा महामार्ग. नकाशावर या समांतर रेषा पाहिल्या म्हणजे असे वाटते, की ही दोन नगरे एकमेकांवाचून जगू शकत नव्हती आणि एकमेकांवर विश्वासही टाकू शकत नव्हती.

या पट्ट्याच्या जवळजवळ मध्यावर ली नावाचे गाव आहे. कापडाच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी यांवर ते वाढले; पुढे गिरण्या बंद पडल्या, खाणी बुजल्या, आणि 5 मे 1969 रोजी गावचे स्टेशनही बंद झाले, ते आजतागायत उघडलेले नाही. या गावात उमेदीची सारी वर्षे दवाखाना चालवून निवृत्त झालेले एक डॉक्टर मूळचे खामगावचे. आणि त्यांचे व्याही नानासाहेब हे भुसावळचे, मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात हयात घालवलेले. दोघांच्या बोलण्यात व्याह्यांमधली अदब पुरेपूर होती. परंतु उद्या लिव्हरपूलच्या गोद्या पाहायला मोटारीने जावे की आगगाडीने, एवढ्या साध्या प्रश्नावरून जो वाद जेवणानंतर सुरू झाला, तो अदबीच्या मर्यादेत राहूनही उत्तरोत्तर गंभीर होत गेला. मी तेथे पाहुणा होतो. जे ऐकले ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत येथे देतो.

डॉक्टर : नानासाहेब, उद्या सकाळी आपण माझ्या गाडीत बसावे, आणि घराच्या दारातून निघून गोदीच्या दारात उतरावे. आगगाडीने जायचे म्हटले, तर स्टेशन गाठण्यासाठी प्रथम मोटारच काढावी लागेल. आणि जो मार्ग धरण्यासाठी आधी दुसरा मार्ग धरावा लागतो, त्याला सोयीचा मार्ग कसे म्हणावे?

नानासाहेब : सोयीचे मी बोलतच नाही, डॉक्टर. दोन मोठ्या शहरांना जोडणारी, आरंभापासून दुहेरी रुळांची आणि वेळापत्रकाने चालणारी पहिली रेल्वे ती हीच. जिचे नियम मी भुसावळला पाठ केले, जिच्या वंशातली गाडी 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तिच्या मूळ रुळांवरून जाण्याची संधी दारात असताना मी मोटारीत बसलो, तर मला चैन पडणार नाही. सँकीच्या नऊ कमानींवरून गाडी जाते. पुढे चॅट मॉसची ती दलदल. त्या दलदलीत भराव घालावा आणि सकाळी पाहावे तो गडप झालेला असावा, असे आठवड्यामागून आठवडे चालले होते. मजूर पायांना फळ्या बांधून वावरत. काम सोडून द्यावे की काय, असा विचार संचालकांच्या मनात आला होता. या रेल्वेचा अभियंता स्टीफन्सन याने काट्याकुट्यांचे आणि रानझुडपांचे तट्टे विणवून एकावर एक अंथरले, त्यांवर माती टाकली, आणि रूळ त्या दलदलीवर जणू तरंगते ठेवले. आज विजेच्या गाड्या त्याच ठिकाणावरून धावतात.

डॉक्टर : स्थापत्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण ती रेल्वे का बांधली गेली, याचा विसर पडू नये. लिव्हरपूलला उतरलेला कापूस मँचेस्टरला पोहोचवण्याचा मक्ता कालवेवाल्यांच्या हाती होता. ते मनास येईल तो दर लावीत, आणि अमेरिकेहून लिव्हरपूलला यायला जितके दिवस लागतात त्याहून अधिक दिवस कधीकधी माल या तीस मैलांत अडकून पडतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. ती तक्रार म्हणजे रेल्वेचा जन्म. बरे, रेल्वे झाली. पुढे पन्नास वर्षांत मँचेस्टरचे व्यापारी पुन्हा तीच तक्रार घेऊन उभे राहिले. आता गाऱ्हाणे रेल्वेच्या दरांचे आणि लिव्हरपूलच्या गोदीच्या हशिलाचे होते. 1882 साली कारखानदार डॅनियल ॲडमसनच्या घरी बैठक भरली, आणि तिच्यातून जहाजांचा कालवा निघाला. ज्याच्या हाती एकुलता एक मार्ग आला तो मुजोर झाला, असे या पट्ट्याचे दप्तर सांगते. रस्ता मात्र कोणाच्या मालकीचा नाही. त्यावर सायकलवाला, मालमोटारवाला आणि माझ्यासारखा डॉक्टर, सर्वांची सनद सारखी.

नानासाहेब : रस्ता कोणाच्या मालकीचा नाही, हाच तर माझा आक्षेप आहे. जो कोणाचा नाही, त्याच्यासाठी जबाब कोणी द्यायचा? गाडीला उशीर झाला तर मी स्टेशनमास्तरला विचारू शकतो, तक्रारवही मागू शकतो, वर अर्ज करू शकतो. एम 62 वर दोन तास माणसे अडकून पडली, तर कोणाच्या नावाने अर्ज करायचा? पुढच्या मोटारीतल्या माणसाच्या? तो बिचारा स्वतःच अडकलेला असतो.

डॉक्टर : आणि अर्ज करून मिळते काय? मे 2018 मध्ये उत्तर इंग्लंडात गाड्यांचे नवे वेळापत्रक लागू केले, तेव्हा आठवडेच्या आठवडे गाड्या रद्द होत होत्या. नोकरदार माणसे फलाटांवर ताटकळत होती, विद्यार्थी परीक्षांना वेळेवर पोहोचू शकत नव्हते. जबाब देणारे पुष्कळ होते, नानासाहेब. जबाबही पुष्कळ मिळाले. गाडी मात्र मिळाली नाही.

येथे नानासाहेब काही वेळ बोलले नाहीत. वेळापत्रक मोडणे ही त्यांच्या दृष्टीने केवळ गैरसोय नसून विश्वासघात होता, आणि त्या विश्वासघाताचे समर्थन करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मलाही येथे डॉक्टरांचे म्हणणे पटले. जी संस्था माणसाकडून त्याच्या वेळेवरचा हक्क मागून घेते, तिने तो सांभाळला पाहिजे. न सांभाळणाऱ्या संस्थेला पूर्वजांच्या पुण्याईवर जगण्याचा अधिकार नाही.

नानासाहेब : ते मला मान्य आहे. पण वेळापत्रक मोडले हे आपण ज्या तीव्रतेने सांगता, तीच रेल्वेची प्रतिष्ठा आहे. रस्त्याने वचनच दिलेले नसते, म्हणून त्याचा वचनभंग कोणाच्या लक्षात राहत नाही. आता मूळ गोष्ट सांगतो. आपण कधी जुन्या सिग्नल केबिनमध्ये गेला आहात?

डॉक्टर : लांबून पाहिली आहे.

नानासाहेब : मग ऐका. समोर लोखंडी खटक्यांची रांग असते. तांबडा खटका थांबण्याच्या सिग्नलचा, पिवळा दूरच्या सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा कुलपाचा. केबिनवाला खटका उघड्या हाताने कधी धरीत नाही. हातात फडके घेतो, कारण तळहाताच्या घामाने पोलादाची मूठ गंजते. शेजारच्या केबिनमधून घंटी येते. तिचे ठोके मोजून हा उत्तर देतो, आणि पुढचा टप्पा मोकळा असल्याची खात्री झाल्याखेरीज तो सिग्नल पाडीत नाही; शिवाय खटके खाली एकमेकांत अडकवलेले असतात. सांधा चुकीचा असेल, तर सिग्नलचा खटका हलत नाही. कितीही जोर लावा. चूक होऊ नये असा उपदेश तेथे कोणी केलेला नाही, तर चुकीला लोखंडानेच वाट बंद केलेली आहे. आणि रात्री दोन वाजता धुक्यातून ऐंशी मैलांच्या वेगाने गाडी नेणारा ड्रायव्हर, ज्याला त्याने जन्मात पाहिलेले नाही अशा त्या फडकेवाल्या माणसावर भिस्त ठेवून शेकडो निजलेल्या माणसांना घेऊन जातो. मनुष्यांनी एकमेकांवर टाकलेल्या विश्वासाचे याहून मोठे उदाहरण मी पाहिलेले नाही. आज बहुतेक ठिकाणी खटके गेले, पडदे आणि कळा आल्या. पण तत्त्व तेच राहिले.

डॉक्टर : आणि तरी पहिल्याच दिवशी माणूस मेला.

नानासाहेब : मेला. 15 सप्टेंबर 1830. पार्कसाइडपाशी इंजिने पाणी घेण्यासाठी थांबली होती. लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन गाडीतून खाली उतरले आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या डब्यापाशी गेले. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून रॉकेट नावाचे इंजिन आले. पायाचा चेंदा झाला. स्टीफन्सनने स्वतः इंजिन हाकून त्यांना एकल्सला नेले. त्या प्रवासात गाडीने जो वेग गाठला तो तोवर कोणी पाहिलेला नव्हता. त्याच रात्री तेथे त्यांनी प्राण सोडला. मी ही गोष्ट लपवीत नाही. उलट रेल्वेचा इतिहास मी तेथूनच सुरू करतो. आमच्या खात्यात प्रत्येक नियमाच्या मागे एक अपघात उभा असतो. 1840 साली सरकारने रेल्वेवर निरीक्षक नेमले. 1889 साली आयर्लंडात आर्मा येथे सहलीची गाडी उतारावरून मागे घरंगळली, मुलेबाळे धरून सुमारे ऐंशी जीव गेले. त्याच वर्षी कायदा झाला, आणि एका टप्प्यात एकच गाडी, सांध्यांची आणि सिग्नलांची परस्पर अडकवण, उतारूगाड्यांना अखंड ब्रेक, हे सर्व सक्तीचे झाले. आमच्या मुलखातही अपघात झाला की चौकशी बसते, साक्षी होतात, दोष कोठे होता ते लिहिले जाते. रस्त्यावर माणूस मेला की काय होते? विम्याचा दावा.

डॉक्टर : हे मात्र अन्यायाचे बोलणे झाले. रस्त्यावर मेलेल्यांचे दाखले मी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. त्यांची गणना मी केली नाही, पण त्यांपैकी काही चेहरे विसरणे मला शक्य नाही. या गावच्या रस्त्यांवर, पट्टा न लावता पुढच्या आसनावर बसलेल्या तरुण मुलींची तोंडे काचेने फाडलेली मी पाहिली आहेत. म्हणूनच 1983 च्या जानेवारीअखेर पुढच्या आसनांवर पट्टा सक्तीचा झाला, तेव्हा त्याचे मोल मला ग्रंथातून वाचावे लागले नाही. 1967 साली मद्यप्राशनाची श्वासावरून तपासणी आली, 1965 साली सत्तर मैलांची वेगमर्यादा आली. रस्ताही शिकला, नानासाहेब. उशिरा शिकला, पण शिकला.

नानासाहेब : उशिरा, हे आपणच म्हणालात.

डॉक्टर : म्हणालो. पण आपण एक लक्षात घ्या. मी ज्यांच्याकडे जात असे ते खाणमजूर होते. फुप्फुसांत धूळ बसलेली, पायऱ्या चढता येत नाहीत, उशांची चळत करून बसल्या बसल्या झोपणारी माणसे. मध्यरात्री बायको फोन करी, की यांच्या ओठांचा रंग निळा पडलाय. मी पायांत बूट चढवून निघे. पाठोपाठ रुग्णवाहिका येई, आणि ईस्ट लँक्सवरून, होय, येथे सारे त्या रस्त्याला ईस्ट लँक्सच म्हणतात, ती मँचेस्टरकडे धावे. 18 जुलै 1934 रोजी पंचम जॉर्ज राजाने मर्सीच्या तळाखालचा बोगदा आणि हा रस्ता एकाच दिवशी खुला केला. दोन शहरांसाठी मुद्दाम नव्याने आखलेला मोटारींचा असा रस्ता या देशात त्यापूर्वी झालेला नव्हता. तो दोन शहरांसाठी बांधला खरा; पण त्याचा खरा लाभ मधल्या गावांना झाला. आगगाडी ली गावाला पंचावन्न मिनिटांत पोहोचवील की पाऊण तासात, हा प्रश्नच त्या माणसाच्या लेखी नव्हता. आगगाडी येथे नव्हतीच. जिला आपण विश्वासाचे सर्वोच्च उदाहरण म्हणता, तिने या गावाचा विश्वास 1969 साली परत करून टाकला. मोटारीवर माझे प्रेम आहे असे नाही. जो रस्ता शेवटपर्यंत राहिला त्याच्याविषयी मी कृतज्ञ आहे.

डॉक्टरांचा आवाज या वाक्यावर किंचित चढला होता. या प्रश्नातली मेख मला येथे दिसली. लिव्हरपूलहून मँचेस्टरला किती मिनिटांत जावे, याचे उत्तर त्या दोन शहरांपुरते फार पूर्वीच मिळाले आहे. चांगली आगगाडी पाऊण तासाच्या आत नेते आणि मोकळा महामार्गही जवळपास तितक्याच वेळात नेतो. ज्यांची घरे या दोन टोकांच्या मध्ये आहेत त्यांना मार्गाने काय द्यायचे, हा खरा तंटा आहे. आणि जलद मार्ग जितका जलद होतो तितका तो मधल्या माणसाला ओलांडून जातो, हे रुळांना आणि महामार्गाला सारखेच लागू आहे.

नानासाहेब : आपण बोललात त्यावर मला उत्तर देणे भाग आहे, आणि ते रेल्वेच्या बचावाचे नाही. ली गावाला लोहमार्ग लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्याही दोन वर्षे आधी मिळाला होता. बोल्टन आणि ली यांमधली रेल्वे 1828 सालची; लँकेशायरमधली पहिली सार्वजनिक रेल्वे तिला म्हणतात. अशा गावाचे स्टेशन कोणी काढले? तोट्यातल्या शाखा बंद करण्याची शिफारस करणारा डॉक्टर बीचिंग यांचा 1963 चा अहवाल आपण वाचला असेल. त्यात शाखांची तपासणी मुख्यत्वे एका मापाने झाली : त्या शाखेवर किती मिळकत झाली आणि किती खर्च झाला. पण शाखेवरून आलेला उतारू पुढे मुख्य मार्गावर शंभर मैल जातो, त्याचे श्रेय शाखेच्या खात्यावर कोण लिहितो? आता मला असे सांगा, की ईस्ट लँक्सचा ताळेबंद कोणी मागितला होता का? 1934 पासून त्या रस्त्यावर जमा किती आणि खर्च किती, हे ली गावापुरते वेगळे काढून, रस्ता तोट्यात आहे म्हणून उखडावा, असे कोणी सुचवले का?

डॉक्टर : नाही. रस्ता सार्वजनिक पैशातून झाला. त्याला नफा मागण्याचा शिरस्ता नाही.

नानासाहेब : तेवढेच मला म्हणायचे होते. एका मार्गाला आपण लोकांची गरज मानतो आणि दुसऱ्याला दुकान मानतो. मग दुकान बंद झाले की म्हणतो, पाहा, ते टिकले नाही. आपले खामगाव घ्या. जलंबहून खामगावला आठ मैलांची शाखा. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनाला आले होते. ती लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता म्हणून झाली, आपल्या आजोबांच्या सोयीसाठी नव्हे. अमेरिकेच्या यादवीत कापूस तुटला तेव्हा येथल्या मजुरांनी उपास काढले आणि मुंबईच्या शेठजींनी पैसा केला. त्यानंतर कापसाची वाट पक्की करण्याची निकड येथल्या लोकांना कळली. हेतू त्यांचा होता. पण गाडी कापूस नेऊ लागली तसा माणूसही नेऊ लागली, आणि माझ्या नोकरीत मी पाहिले, की कापसाची ती भरभराट ओसरल्यानंतरही ती शाखा विद्यार्थ्यांसाठी, बाजारकऱ्यांसाठी चालवली जात होती. तोट्यात असेल, चालत होती.

डॉक्टर : त्याच शाखेने जलंबला येऊन मी मुंबईची गाडी पकडली होती, कॉलेजात जायला.

नानासाहेब : तिकीट अर्धे होते की पूर्ण, ते आपल्याला आठवत नसेल, पण त्या तिकिटाच्या किमतीत लँकेशायरला एक डॉक्टर मिळाला. हा आकडा कोणत्या ताळेबंदात धरायचा?

डॉक्टर यावर हसले नाहीत; त्यांनी ते बोलणे मनावर घेतले. मग ते उठले आणि खिडकीशी जाऊन त्यांनी गावातून जाणाऱ्या बसची गोष्ट काढली. ली येथून मँचेस्टरला जाणारी बस 2016 पासून एलनब्रुकपर्यंत बऱ्याच भागात जुन्या लोहमार्गाच्या पट्ट्यावरून धावते. काँक्रीटच्या दोन पट्ट्या आणि त्यांना कडेचे उंच कठडे. बसच्या पुढच्या चाकांजवळ आडवी लहान चाके बसवलेली असतात, ती कठड्यांना टेकून बसला आपोआप वळवतात, आणि तेवढ्या अंतरात चालकाला सुकाणू फिरवावे लागत नाही.

नानासाहेब : मग ती आगगाडीच झाली.

डॉक्टर : तेवढ्या टप्प्यापुरती. पुढे ती कठडे सोडते, ईस्ट लँक्सवर येते, आणि मँचेस्टरच्या भर वस्तीतल्या रुग्णालयांपर्यंत माणसाला नेऊन सोडते. माझे जुने रोगी तपासणीसाठी तिनेच जातात. आगगाडी त्यांना स्टेशनावर सोडून मोकळी झाली असती. म्हणून मी म्हणतो, आपले स्टेशन या गावाला परत मिळावे, पण ही बस काढून नव्हे.

नानासाहेब : काढा असे कोण म्हणते? लिव्हरपूलचा लोहमार्ग या गावापासून काही मैलांवरूनच जातो. बस त्या मार्गावरच्या स्टेशनाला गाडीच्या वेळेशी जुळवून मिळाली, आणि दोहोंचे तिकीट एक असले, तर निम्मे भांडण मिटते.

डॉक्टर : तर मग असे करू. अर्जाचा मसुदा आपण करावा. आपल्याला सरकारी लिखाणाची सवय आहे. सही मी करीन, आणि माझ्या जुन्या रोग्यांच्या सह्या गोळा करण्याचे काम माझ्याकडे.

नानासाहेबांनी कागद मागून घेतला. पहिले कलम त्यांनी असे लिहिले, की स्टेशनाच्या खर्चाचा अंदाज करताना केवळ त्या स्टेशनावरील तिकीटविक्री न धरता, तेथून पुढे होणारा सर्व प्रवास हिशेबात घ्यावा, आणि समांतर रस्त्याच्या देखभालीवर होणारा खर्च त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात दाखवावा. दुसरे कलम डॉक्टरांनी सांगितले : सध्याच्या बसची एकही फेरी कमी करू नये. तिसऱ्या कलमावर, म्हणजे रात्री शेवटची गाडी किती वाजता असावी यावर, दोघांचे पुन्हा जुळेना. नानासाहेब रुळांच्या दुरुस्तीसाठी मध्यरात्रीनंतरचे तास राखून ठेवायला सांगत होते, आणि डॉक्टर म्हणत होते, की माणसाचा श्वास बहुधा मध्यरात्रीनंतरच अडकतो.